धूर मोजणार कोण?

औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत सकाळी गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढताना गृहिणीच्या बोटांना जो काळा थर लागतो, तो कोणत्याही सरकारी अहवालात नसतो. चंद्रपूर असो, तारापूर असो वा डोंबिवली, तेथील रहिवाशांचा अनुभव एकच आहे. रात्री धूर दाट होतो, घसा खवखवतो, म्हाताऱ्या माणसांना धाप लागते, लहान मुलांचा खोकला महिनोन्‌महिने जात नाही. मग कोणी जागरूक नागरिक तक्रार करतो. काही दिवसांनी अधिकारी येतात, पाहणी होते आणि पत्राने उत्तर मिळते की, संबंधित उद्योगाचे उत्सर्जन विहित मर्यादेत आढळून आले आहे.

येथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. गृहिणीच्या बोटांवरील काजळी खोटी नाही, मग कागदावरील आकडा खरा कसा? औद्योगिक वायुप्रदूषणाचा सारा प्रश्न या एका विसंगतीत सामावलेला आहे. चर्चा मात्र भलत्याच दिशेने चालते. एक गट म्हणतो, कायदे अधिक कडक करा. दुसरा म्हणतो, कायद्यांच्या जाचाने उद्योग बुडतील. कायदा कडक असो वा सौम्य, तो ज्या मोजमापावर उभा आहे ते मोजमापच प्रामाणिक नसेल तर काय, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

कायदा आहे, तो आजचा नाही

धुराच्या बंदोबस्तासाठी कायदा करावा हा विचार आपल्याकडे नवा नाही. गिरण्यांच्या धुराड्यांनी मुंबईचे आकाश काळवंडू लागले तेव्हा, १९१२मध्येच तेथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला होता. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने याबाबत इतरांच्या पुढे पाऊल टाकले. जलप्रदूषणाविरुद्धचा केंद्रीय कायदा १९७४चा, पण महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९मध्येच केला आणि १९७०मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेनंतर देशात पर्यावरणविषयक विचाराला गती आली. १९७६च्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण हे शासनाचे धोरण आणि नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८१मध्ये हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम आला.

या कायद्यान्वये मंडळाच्या संमतीशिवाय कोणालाही प्रदूषणकारी उद्योग चालविता येत नाही. डिसेंबर १९८४मध्ये भोपाळ येथे एका रात्रीत हजारो माणसे विषारी वायूने मृत्युमुखी पडली आणि सारा देश हादरला. १९८६चा पर्यावरण संरक्षण अधिनियम त्या राखेतून जन्माला आला. १९८७मध्ये हवा कायद्यातही दुरुस्ती झाली. मंडळाला कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज व पाणी तोडण्याचे अधिकार मिळाले. साध्या नागरिकालाही पूर्वसूचना देऊन न्यायालयात जाण्याची मुभा मिळाली.

थोडक्यात, अधिकारांची उणीव नव्हती. तरीही डिसेंबर २००९मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा त्यांपैकी ४३ क्षेत्रे ‘अतिप्रदूषित’ ठरली. महाराष्ट्रातील पाच क्षेत्रे या यादीत होती : चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), नवी मुंबई आणि तारापूर. चंद्रपूरचा क्रमांक तर साऱ्या देशात चौथा होता. हवा कायदा लागू होऊन तेव्हा २८ वर्षे झाली होती. या काळात संमतीपत्रे दिली जात होती, त्यांचे नूतनीकरण होत होते, तपासण्या होत होत्या आणि बहुतेक अहवालांत सारे आलबेल होते. असे असताना ही क्षेत्रे अतिप्रदूषित झाली कशी?

धुराड्यातील नळी

याचे उत्तर शोधण्यासाठी धूर मोजतात कसा, हे थोडे समजून घेणे आवश्यक आहे. धुराड्याला ठरावीक उंचीवर एक छिद्र ठेवलेले असते आणि तेथपर्यंत जाण्यासाठी शिडी व उभे राहण्यासाठी मचाण असते. तपासनीस वर चढून त्या छिद्रातून नळी आत घालतो. आतील वायू ज्या वेगाने वाहत असतो त्याच वेगाने नमुना खेचून घ्यावा लागतो, अन्यथा आकडा चुकतो. नमुन्यातील धूलिकण गाळणीवर जमतात. ती गाळणी प्रयोगशाळेत तोलून एका घनमीटर वायूत किती मिलिग्रॅम धूळ आहे, हे काढले जाते. सर्वसाधारण उद्योगांसाठी ही मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे, काही उद्योगांसाठी त्याहून कडक आहे.

हे काम कष्टाचे, कौशल्याचे आणि वेळखाऊ आहे. वर्षातून दोन-चार वेळा, दिवसाउजेडी, तासा-अर्ध्या तासाचा नमुना घेतला जातो. वर्षाचे उरलेले आठ हजारांहून अधिक तास धुराड्यातून काय बाहेर पडते, याचा साक्षीदार कोणीही नसतो. तपासणीच्या दिवशी चांगला कोळसा जाळावा, भट्टी मंद ठेवावी, धूळ पकडणारी यंत्रणा पूर्ण क्षमतेने चालवावी आणि पथक परत फिरताच विजेची बचत करावी, असे एखाद्याने ठरविल्यास त्याला कोण अडविणार? रात्री धूर वाढतो ही तक्रार सर्वत्र ऐकू येते, तिचे मूळ शोधायचे असेल तर याच उरलेल्या तासांचा हिशेब मागावा लागेल.

दुसरा दोष त्याहून सूक्ष्म आहे. मर्यादा एका घनमीटरमागे आहे, एकूण धुळीवर नाही. ताशी १० हजार घनमीटर वायू सोडणारे धुराडे १५० मिलिग्रॅमची मर्यादा तंतोतंत पाळूनही ताशी दीड किलो, म्हणजे दिवसाला ३६ किलो धूळ हवेत सोडते. महिन्याची ती एक टनाहून अधिक होते. त्याच धुराड्यात बाहेरची स्वच्छ हवा मिसळून वायूचे आकारमान दुप्पट केले तर मोजणीचा आकडा निम्म्यावर येतो, धूळ मात्र एका ग्रॅमनेही कमी होत नाही. दुधात पाणी घालून स्निग्धांश कमी दाखविण्याचाच हा प्रकार, फक्त येथे पाणी घालणाऱ्याला शाबासकी मिळते! शिवाय एका वसाहतीत असे एक धुराडे असले काय आणि दोनशे असले काय, प्रत्येक जण आपापल्या मर्यादेत असतो. श्वास घेणाऱ्याच्या छातीत मात्र साऱ्यांची बेरीज जाते.

गुजरातने दाखविलेला आरसा

मोजमाप करणाऱ्याचा पगार कोण देतो, या प्रश्नाचे महत्त्व गुजरातमध्ये झालेल्या एका अभ्यासाने निर्विवादपणे सिद्ध केले. १९९६मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथील प्रदूषणकारी उद्योगांना त्रयस्थ संस्थेकडून पर्यावरणीय लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक झाले. हेतू उत्तम होता. पण लेखापरीक्षक निवडायचा उद्योगाने आणि त्याचे शुल्कही द्यायचे उद्योगाने. कडक अहवाल देणाऱ्याला पुढल्या वर्षी कोण बोलावणार?

२००९ ते २०११ या काळात गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांच्या साहाय्याने अहमदाबाद व सुरत परिसरातील ४७३ कारखान्यांत एक प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांत जुनीच पद्धत ठेवली. उरलेल्यांत लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे नेमून दिला, त्याचे मानधन मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने दिले आणि त्याने केलेल्या काही मोजण्यांची फेरतपासणी केली. पुढल्या वर्षी मानधन अचूकतेशीही जोडण्यात आले.

जे आढळले ते डोळे उघडणारे होते. जुन्या पद्धतीत लेखापरीक्षकांच्या अहवालांनुसार धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्क्यांच्या आसपास होते. फेरतपासणीत हे प्रमाण ५९ टक्क्यांच्या घरात निघाले. असंख्य अहवालांतील आकडे मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबले होते, जणू धुराडेच कायदा वाचून धूर सोडत होते! नव्या पद्धतीत खोटा ‘सुयोग्य’ शेरा मारण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अहवाल खरे येऊ लागताच कारखान्यांनी प्रत्यक्ष प्रदूषणही कमी केले. या काळात ना कायदा बदलला, ना मर्यादा बदलली. लेखापरीक्षकही त्याच व्यवसायातील होते. बदलला तो केवळ त्यांचा यजमान.

गुजरात सरकारने पुढे, २०१५मध्ये, ही सुधारणा स्वीकारली. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले, त्यांतही नोंदणीकृत लेखापरीक्षकाची नेमणूक उद्योगाच्या पसंतीने न करता यादृच्छिक पद्धतीने करण्याचे तत्त्व आहे. हे स्वागतार्ह पाऊल आहे. मात्र गुजरातचा धडा अर्धवट शिकून चालणार नाही. नेमणूक, मानधन आणि फेरतपासणी या तिपाईचे तीनही पाय भक्कम असतील तरच ती उभी राहते. नेमणूक चिठ्ठीने झाली, पण पाकीट कारखान्याच्याच दारातून मिळाले, किंवा मोजणीची फेरतपासणी करणारा कोणीच उरला नाही, तर नव्या नियमांचीही गत जुन्यासारखीच होईल.

यंत्र आले, पण...

माणूस मोहात पडतो, यंत्र पडत नाही, या विचाराने केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४मध्ये सिमेंट, पोलाद, औष्णिक वीज, खत, औषधे, साखर, आसवन्या आदी १७ अतिप्रदूषणकारी वर्गांतील उद्योगांना अखंड मोजणी करणारी यंत्रे बसविण्याचे निर्देश काढले. धुराड्यात बसविलेला संवेदक क्षणोक्षणीची नोंद थेट मंडळाच्या संगणकाकडे पाठवितो. वरवर पाहता प्रश्न सुटला असे वाटावे.

पण यंत्रालाही कोणीतरी शिकवावे लागते. धूलिकण मोजणारे यंत्र प्रकाशाच्या विखुरण्यावरून वा अशाच अप्रत्यक्ष खुणेवरून अंदाज बांधते. त्या खुणेचा अर्थ किती मिलिग्रॅम, हे नळी घालून घेतलेल्या नमुन्यांशी पडताळूनच ठरते. इंधन बदलले, भट्टीचा भार बदलला की पडताळणी पुन्हा करावी लागते. म्हणजे हाताने घेतलेला नमुना अप्रामाणिक असेल तर यंत्र तीच लबाडी अखंडपणे करीत राहील. यंत्रांच्या प्रमाणीकरणासाठी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची नियुक्ती ऑगस्ट २०१९मध्ये झाली, निर्देशांनंतर पाच वर्षांनी. तोवर बसविलेली यंत्रे कोणत्या कसोटीवर बसविली गेली, हा प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

कायद्यातील अडचण आणखी वेगळी आहे. हवा कायद्याच्या कलम २६नुसार रीतसर सूचना देऊन, विहित पद्धतीने घेतलेला आणि मोहोरबंद केलेला नमुनाच पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. म्हणजे यंत्राने वर्षभर रात्रंदिवस नोंदविलेले उल्लंघन हे खटल्यात पुरावा ठरविणे दुरापास्त, आणि सूचना देऊन घेतलेला अर्ध्या तासाचा नमुना मात्र शिरोधार्य! १९८१मध्ये ही तरतूद योग्य होती, कारण तेव्हा दुसरे साधनच नव्हते. आज ती कालबाह्य झाली आहे.

सुरतचा प्रयोग

यंत्राच्या नोंदीला खरी किंमत आली ती सुरतमध्ये. तेथील कापड प्रक्रिया उद्योग कोळसा व लिग्नाइट जाळतात. जून २०१९मध्ये गुजरात मंडळाने तेथे उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. धूलिकणांसाठीचा असा बाजार जगात पहिलाच. योजना समजण्यास सोपी आहे. सहभागी कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची कमाल मर्यादा आधी ठरविली. तेवढ्या किलोंचे परवाने काढले, त्यांतील बहुतेक कारखान्यांना वाटून दिले आणि उरलेले लिलावात ठेवले. ज्याने उत्तम गाळणी बसवून धूळ वाचविली त्याने आपले शिल्लक परवाने विकावेत, ज्याला ते जमले नाही त्याने विकत घ्यावेत. मुदतीअखेर परवान्यांहून अधिक धूळ सोडलेली आढळली तर जबर भरपाई भरावी.

तीनशेहून अधिक कारखान्यांची या अभ्यासात दोन गटांत विभागणी झाली होती. मोजणीयंत्रे दोन्ही गटांत बसविली होती, बाजार मात्र एकाच गटासाठी होता. बाजारातील कारखान्यांचे उत्सर्जन दुसऱ्या गटाच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटले. सोडलेल्या धुळीपुरते परवाने जवळजवळ सर्वच कारखान्यांनी बाळगले. आणि उद्योजकांनी विशेष लक्ष द्यावे असे म्हणजे, प्रदूषण कमी करण्याचा खर्चही घटला. हे निष्कर्ष २०२५मध्ये नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत.

यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. नुसते यंत्र बसवून धूर कमी होत नाही. यंत्राच्या आकड्याचा कारखान्याच्या हिशेबाशी संबंध जोडावा लागतो. आणि मोजणी एकूण किलोंची झाली की हवा मिसळून आकडा पातळ करण्याची पळवाटही बंद होते. २०११मध्ये केंद्राने असा प्रयोग गुजरातबरोबरच महाराष्ट्र व तमिळनाडूतही करण्याचे जाहीर केले होते. गुजरातने तो सिद्धीस नेला. औद्योगिकदृष्ट्या स्वतःला अग्रेसर म्हणविणाऱ्या महाराष्ट्राने यावर अंतर्मुख व्हायला हवे. राज्याच्या मंडळाने २०१७मध्ये उद्योगांना त्यांच्या उत्सर्जनावरून एक ते पाच तारे देण्याची व ते जाहीर करण्याची योजना आणली, ती कल्पना खरोखर चांगली होती. पण कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या किती कुटुंबांना त्या कारखान्याचे तारे ठाऊक आहेत?

चंद्रपूरची कसोटी

मोजमापाचा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो याचे ताजे उदाहरण औष्णिक वीज केंद्रांचे आहे. डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा प्रथमच घालून दिली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ही मर्यादा गाठायची तर धुरातून गंधक काढून घेणारी संयंत्रे बसवावी लागतात. मुदत एकामागून एक वाढत गेली. अखेर जुलै २०२५मध्ये नवी अधिसूचना निघाली. दिल्ली परिसर आणि दहा लाखांहून अधिक लोकवस्तीची शहरे यांच्या दहा किलोमीटरांतील केंद्रांना ही मर्यादा डिसेंबर २०२७पर्यंत पाळावी लागेल. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळील केंद्रांबाबत प्रकरणनिहाय निर्णय होईल. उरलेल्या, म्हणजे देशातील सुमारे ७८ टक्के केंद्रांना ठरावीक उंचीच्या धुराड्याच्या अटीवर या मर्यादेतून सूट मिळाली.

सरकारची बाजू विचारात घ्यायलाच हवी. भारतीय कोळशात गंधक कमी आहे, देशातील बहुतेक ठिकाणी हवेतील सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे, ही संयंत्रे अतिशय खर्चिक आहेत व त्यांचा भार वीजग्राहकावर पडेल, असे तिचे म्हणणे. त्यासाठी दिल्लीची आयआयटी, नागपूरची ‘नीरी’ आदी संस्थांच्या अभ्यासांचा आधार घेतला गेला. स्वस्त वीज ही गरीब राष्ट्राची चैन नाही, गरज आहे, हेही खरे.

परंतु येथेही प्रश्न पुन्हा मोजमापाचाच आहे. सल्फर डायऑक्साइड धुराड्यातून निघाल्यावर तसाच राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटच्या अतिसूक्ष्म कणांत रूपांतर होते आणि ते कण वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. फुप्फुसात खोलवर शिरतात ते हेच कण. त्यामुळे केंद्राच्या आसपास वायू किती हे मोजून ‘सारे ठीक आहे’ म्हणणे, म्हणजे पेरणीनंतर दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन पीक नाही म्हणण्यासारखे आहे. आणि उंच धुराडे प्रदूषण कमी करीत नाही, ते फक्त दूरच्या गावाला पोहोचते करते.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. भोवताली कोळसा खाणी व सिमेंट कारखाने आहेत आणि जवळच ताडोब्याचे अरण्य. महाराष्ट्रातील घराघरांत लागणारा दिवा चंद्रपूरच्या राखेवर जळतो. अतिप्रदूषित क्षेत्र असल्याने येथील निर्णय प्रकरणनिहाय व्हायचा आहे. तो कोणत्या मोजमापांच्या आधारे होणार, ती मोजमापे कोणी घेतली, त्यांत सल्फेटच्या कणांचा हिशेब आहे की नाही, हे चंद्रपूरकरांसमोर उघडपणे मांडले गेले पाहिजे. सरकार कोणत्याही विचाराचे असो, हा हिशेब मागणे विरोध ठरत नाही. सत्तेवर कोण आहे हे पाहून धूर आपला गुण बदलत नाही.

दंड झाला, पण वसूल कशाच्या बळावर?

शिक्षेच्या बाबतीतही मोठा बदल झाला आहे. हवा कायद्यात पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती, परंतु खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि शिक्षा क्वचित होई. २०२३च्या जनविश्वास अधिनियमाने बहुतेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंडाची तरतूद केली आणि ती एप्रिल २०२४पासून लागू झाली. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषण नियंत्रण मंडळे पर्यावरणीय हानीची भरपाई वसूल करू शकतात, असा निर्वाळा दिला. कधीच न होणाऱ्या कैदेपेक्षा हमखास होणारा दंड बरा, हा विचार चुकीचा नाही. मात्र मोठ्या उद्योगाला १५ लाख हा किरकोळ खर्च वाटू शकतो आणि लहान कारखानदार त्यात बुडू शकतो. दंड सोडलेल्या धुळीच्या प्रमाणात असला पाहिजे. आणि त्यासाठी पुन्हा मोजणी विश्वासार्ह हवी.

ही मोजणी करणारी माणसे तरी आहेत का? राज्याराज्यांच्या मंडळांत मंजूर पदे रिक्त आहेत. दिल्लीभोवतीच्या राज्यांना ती भरण्यासाठी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाला खडसवावे लागले. निधीचीही तीच कथा. २०१९मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४मध्ये केलेल्या विश्लेषणानुसार, खर्च झालेल्या रकमेपैकी सुमारे ६४ टक्के रस्त्यावरील धुळीवर खर्च झाली. उद्योगांच्या वाट्याला एक टक्काही आला नाही. रस्ते झाडणे दिसते, छायाचित्रात येते. धुराड्यावर चढून नळी घालणारा तंत्रज्ञ कोणाच्या छायाचित्रात येणार?

तराजूची परंपरा

प्रामाणिक मोजमाप ही काही परदेशातून आणायची वस्तू नाही. कौटिल्याने अर्थशास्त्रात वजनमापांसाठी ‘पौतवाध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. व्यापाऱ्यांची वजने दर चार महिन्यांनी तपासून मुद्रांकित करावीत आणि मुद्रा नसलेली वजने वापरणाऱ्याला दंड करावा, अशी व्यवस्था त्यात आहे. व्यापाऱ्याचे वजन व्यापाऱ्याच्याच विश्वासावर सोडता येत नाही आणि एकदा तपासलेले वजनही पुन्हा तपासावे लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या राजनीतीला ठाऊक होते. गुजरातच्या प्रयोगाने जे सिद्ध केले, ते याहून वेगळे काय आहे? गावच्या बाजारात किलोमागे पन्नास ग्रॅम कमी देणाऱ्या दुकानदाराला आपण लबाड म्हणतो. धुळीच्या तोलात लबाडी करणारा त्याहून मोठा अपराधी आहे, कारण दुकान बदलता येते, हवा बदलता येत नाही.

याचा अर्थ उद्योगाकडे शत्रू म्हणून पाहावे असा नव्हे. कारखाना बंद पडला की पहिली झळ कामगाराच्या चुलीला लागते. प्रत्येक धुराड्याला टाळे ठोका, ही आरोळी त्या चुलीचा विचार करीत नाही. पण त्याच कामगाराचे कुटुंब बहुधा कारखान्याच्या शेजारीच राहते आणि तो धूर सर्वाधिक तेच पितात. उद्योग हवा की हवा हवी, हा वाद मुळातच खोटा आहे. आणि मोजणी खोटी असेल तर सर्वांत मोठा अन्याय होतो तो प्रामाणिक उद्योजकावर. त्याने कर्ज काढून धूलिरोधक यंत्रणा बसवायची, तिचे विजेचे देयक भरायचे आणि शेजाऱ्याने हजार-दोन हजारांत ‘मर्यादेत’ शेरा मिळवून त्याच्यापेक्षा स्वस्त माल विकायचा, हे चालू राहिले तर प्रामाणिकपणा हाच तोट्याचा धंदा ठरेल.

समाजाचे काम

शासनाकडून अपेक्षा स्पष्ट आहेत. लेखापरीक्षकाचे मानधन मध्यवर्ती निधीतून द्यावे आणि फेरतपासणी सक्तीची करावी. प्रमाणित यंत्रांच्या नोंदींना पुराव्याचा दर्जा द्यावा. मर्यादा घनमीटरमागे न ठेवता एकूण उत्सर्जनावर घालावी. महाराष्ट्रातील एका तरी अतिप्रदूषित क्षेत्रात सुरतेच्या धर्तीवर योजना सुरू करावी. मंडळांतील तांत्रिक पदे भरावीत. आणि प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या प्रवेशद्वारावर त्याच्या धुराड्याचा चालू आकडा मराठीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा झळकावा.

परंतु सारे शासनावर सोपवून समाजाने स्वस्थ बसणे योग्य नव्हे. औद्योगिक वसाहतींच्या परिसरात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे क्षेत्र अजून बरेचसे मोकळे आहे. आपल्या भागातील कारखान्यांची संमतीपत्रे व त्यांतील अटी माहिती अधिकाराखाली मिळवता येतात. धूर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या दिशेने वाढला याची वही गल्लीतील चार घरे मिळून ठेवू शकतात. महाविद्यालयातील विज्ञानाचे विद्यार्थी मंडळाचे आकडे आणि ही वही ताडून पाहू शकतात. वस्तीतील डॉक्टर श्वसनविकाराच्या रुग्णांची महिनावार नोंद ठेवू शकतात. अशा नोंदी घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला ‘मर्यादेत आहे’ या एका वाक्याची बोळवण पुरणार नाही. यासाठी मोर्चाची वा घोषणांची गरज नाही, चिकाटीची आहे. आणि उद्योजक बंधूंशी संवादाचे दारही उघडे ठेवले पाहिजे, कारण त्यांच्यातील सज्जनांनाही हीच सचोटी हवी आहे.

गच्चीवरचे कपडे काढताना बोटांना लागलेली काजळी ही त्या घरापुरती खरी मोजणी आहे. मंडळाच्या कागदावरचा आकडा ज्या दिवशी तिच्याशी जुळेल, त्या दिवशी हवा कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली असे म्हणता येईल.